कपड्यांना वाफारा

सर्दी झाली की माणसाला द्यायचा वाफारा आता शर्टाला द्यायची टूम निघाली आहे. यंत्राचं नाव गारमेंट स्टीमर. जाहिरातीतल्या ताई हँगरवरच्या शर्टापुढून तो नुसता ओवाळतात आणि सुरकुत्या पदर सावरत निघून जातात. शर्ट सुती आहे की आणखी कसला, हे मात्र ताई सांगत नाहीत. सगळी गोम तिथेच आहे.

सुती कापडाची सुरकुती मोठी हट्टी. ओल आणि उष्णता मिळाली की सेल्युलोजच्या साखळ्यांमधले बंध सुटतात आणि कापड सैलावतं. मग वाळताना ते ज्या आकारात असेल, त्याच आकारात पुन्हा बांधलं जातं. इस्त्री नेमकी त्या घटकेला कापडाच्या उरावर बसते. सुतीवर लावली की तिचा तवा २०० अंशांच्या आसपास तापतो, वर हाताचा भार असतोच. स्टीमरची वाफ १०० अंशांची, आणि दाब जवळपास शून्य. तो बंध सोडवतो आणि पुढचं शर्टाच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोडून देतो. शिफॉनला ती असते. सुती शर्टाला नसते.

विश्वास नसेल तर बटणपट्टी घ्या. दुहेरी कापड, आत अस्तराची पट्टी, वर बटणांची रांग. इस्त्रीचं टोक दोन बटणांच्या मधे घुसतं, दाबतं, बाहेर येतं, संपलं. स्टीमरवाल्याने एका हाताने शर्टाचं खालचं टोक ताणायचं आणि दुसऱ्या हाताने भरल्या टाकीचं वजन खांद्याच्या उंचीवर तोलायचं. वाफ कापडाच्या आरपार जाऊन मागच्या बोटांना भेटते, म्हणून काही कंपन्या सोबत एक हातमोजाही देतात. जे यंत्र विकताना हातमोजा द्यावा लागतो, त्याला ‘सोपं’ म्हणायला धाडस लागतं. जरा तिरका धरला की तो थुंकतो आणि आपण ऐन छातीवर ओला डाग घेऊन ऑफिसला निघतो. कॉलर तशीच, बाहीची धार गायब. बाकी शर्ट झोपेतून उठल्यासारखा दिसतो, पण प्रसन्न.

वेळ वाचतो म्हणतात. पाणी अर्ध्या मिनिटात तापतं, कबूल. पण हातातल्या स्टीमरची टाकी साधारण २०० मिलीची आणि वाफ मिनिटाला वीसेक ग्रॅम. दहा मिनिटांत टाकी कोरडी, पुन्हा नळाखाली. आणि नळाला टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर आत क्षार साचतात, मग एके दिवशी काळ्या कुर्त्यावर पांढरी रांगोळी उमटते. यावर उपाय म्हणून लोक इन्व्हर्टरच्या बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणतात. एसीच्या नळीखाली बादली लावून बसलेले महाभागही आहेत. इस्त्रीवाल्याचे पैसे वाचवायचे तर एवढी तपश्चर्या हवीच.

कारण मुळात भांडण तेच. इस्त्रीवाल्याने कपड्यामागे एक रुपया वाढवला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महागाईवर परिसंवाद झडतो. “काय भाऊ, किती लुटाल?” हे त्याच वहिनी विचारतात, ज्यांनी आदल्याच रात्री दोन-तीन हजारांचा स्टीमर मागवलेला असतो. बरं, त्या भाऊंच्या टेबलावर दिवसभर उभ्याने काय चालतं, हे आता घरबसल्या कळतं: पाठ, खांदा आणि पोटऱ्या मिळून कळवतात.

पावसाळ्यात तर या यंत्राची भूमिका फारच संशयास्पद. जुलैत मुंबईत आणि कोकणात कपडे वाळत नाहीत, कुबट होतात. सकाळी दोरीवरून दमट पँट काढायची आणि इस्त्रीखाली चर्र करून वाळवायची, यावर लोकलचा निम्मा डबा उभा असतो. अशा वेळी स्टीमर आणखी पाणी घेऊन येतो. वाफाळलेला कपडा कपाटात टाकण्याआधी टांगून वाळू द्यावा लागतो. कुठे? त्याच दोरीवर, जिथे बनियन तिसऱ्या दिवशीही विचार करतंय.

आणि खळ? पुढाऱ्यांच्या पांढऱ्या खादीवर स्टीमर फिरवू नये, ही माझी कळकळीची सूचना. ती कडक खादी वाफेने पाच मिनिटांत मऊ पडते. विरोधकांना जे जमलं नाही, ते १५०० वॅटमध्ये व्हायचं.

आता न्यायाचं बोलू. मखमलीवर इस्त्री टेकवली की तिची लव कायमची झोपते. लोकरीच्या कोटावर फडकं न ठेवता दाबली की कोपरावर चकाकी येते. टिकल्यांचा ब्लाउज, जॉर्जेटची ओढणी, शेरवानी, टांगलेले पडदे, प्रवासातून चुरगळून आलेला रेशमी कुर्ता: इथे स्टीमर खरा कारागीर आहे. रेशमाला उलट बाजूने, थोडं लांबून द्यावा, नाहीतर थेंबाचा डाग राहतो. लग्नाच्या हॉलवर नवरीच्या खोलीत तो हवाच. मात्र त्याच खोलीत साडी नेसवणाऱ्या ताईंकडे नजर टाका. निऱ्या पक्क्या करायला त्या केस सरळ करायचं यंत्र काढतात आणि दोन तापलेल्या पट्ट्यांत निरी चिमटतात. दाबल्याशिवाय घडी बसत नाही, हे त्यांना कुठल्याही माहितीपत्रकाविना ठाऊक असतं. अंगावर नेसलेल्या साडीला वाफ द्यायला निघालेल्या मावशींना तेवढं कुणीतरी आवरा. भाजतं.

आमची अडचण अशी की आम्हाला हवी असते पँटची सुरीसारखी धार आणि घरात आणतो धार मोडणारं यंत्र. स्टीमरच्या परदेशातल्या थोरवीबद्दल ऐकून घ्यायला हरकत नाही, पण पोरीच्या शाळेत पिनाफोरच्या चुण्या बघणाऱ्या बाई इथल्याच असतात.

तरी उमेद सोडू नये. २०२४ मध्ये सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने ‘रिंकल्स अच्छे हैं’ अशी मोहीम काढली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळाही याच घराण्यातली. कल्पना आयआयटी मुंबईचे प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी यांच्या एनर्जी स्वराज फाउंडेशनची. दर सोमवारी शास्त्रज्ञांनी बिनइस्त्रीचे कपडे घालून कामावर यायचं. कपड्यांच्या एका जोडीची इस्त्री टाळली की २०० ग्रॅमपर्यंत कार्बन डायऑक्साइड वाचतो, असा त्यांचा हिशेब. शास्त्रज्ञांना यासाठी आवाहन लागलं आणि सोमवार लागला. आमचा स्टीमरवाला शर्ट आवाहनाविनाच मोहिमेत आहे, सातही दिवस, आणि वर वीज जाळून.