परांचा वळसा

माशाला पर असावेत हे देवाने ठरवलं. मोटारीला असावेत हे हार्ले अर्लने. जनरल मोटर्सच्या या डिझाइनप्रमुखाला दुशेपटी पी-३८ लढाऊ विमान भलतंच आवडलं, आणि १९४८च्या कॅडिलॅकच्या मागे दोन छोटे उंचवटे आले. १९५९पर्यंत ते एवढे माजले, की त्यांच्यावर दोन-दोन लाल दिवे बसवूनही जागा उरली. तोवर अमेरिकेतल्या तळ्यांवर फायबरग्लासच्या बोटी आल्या होत्या. त्यांनीही मोटारीचं बघून पर लावून घेतले. म्हणजे माशाची वस्तू पाण्यात परतली, पण विमान आणि मोटार असा वळसा घालून!

उसनवारी उलटीही झाली. कॅलिफोर्नियातल्या बिल ट्रिटचा धंदा फायबरग्लासच्या बोटींचा. त्याने एका मेजरच्या जीपच्या सांगाड्यावर त्याच मालाची स्पोर्ट्स कार चढवून दिली. पुढे १९५३मध्ये शेव्हर्लेची कॉर्व्हेट आली, तीही फायबरग्लासचीच. पहिल्या वर्षी फक्त ३००. सगळ्या बाहेरून पांढऱ्या, आतून लाल. आवडनिवडीचा प्रश्नच नाही.

अशा जुन्या मोटारी आणि बोटी घेऊन नव्या करणारी माणसं अमेरिकेत पुष्कळ. त्यातल्या मोटारवाल्यांचं मला फारसं कौतुक नाही. १९५७च्या बेल एअर मोटारीचा जवळजवळ प्रत्येक भाग आज नवा करून मिळतो. पैसे मोजा, गंजका पत्रा कापा, नवा जोडा. बोटवाल्याचं तसं नाही. त्याची बोट करणारी कंपनी बहुधा केव्हाच बुडालेली. काच फुटली तर तुकडे जुळवायचे, साचा करायचा आणि नवी घडवायची.

शिवाय बोट फसवते. फायबरग्लास कुजत नाही, पण इंजिन टांगायच्या मागच्या भिंतीत, म्हणजे ट्रान्समात, प्लायवूड असतं. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरतं आणि बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या बोटीच्या आत काळा ओला भुसा होतो. तो खरवडायचा. घासताना उडणारी काचेची धूळ अंगाला लागली की खाजकुयली बरी वाटते. मग रेझिनमध्ये हार्डनर घालायचा; ते रेझिन उन्हात इतकं भराभर घट्ट होतं की कुणी चहाला बोलावलं तरी मान वर करायची सोय नाही. एवढं सोसून माणूस रविवारी तळ्यावर जातो आणि पहिला तास इंजिन सुरू करण्यात घालवतो. तरी खूश!

तुम्हालाही मोह झालाच, तर परांकडे बघत बसू नका. आधी ट्रान्समवर हातोडीच्या दांड्याने टकटक करा. टणक आवाज आला तर भाव विचारा. बद्द आला तर मालकाची फक्त खुशाली विचारा आणि निघा.