पोटातल्या चरबीस खुले पत्र

दिंडोशी, मुंबई

पोटातल्या चरबी,

तुला 'प्रिय' म्हणवत नाही. वीस वर्षं आमच्या घरात फुकट राहिलीस आणि पकडली जायची वेळ आली की वयाला पुढे केलंस. "वय झालं, साखर वाढणारच," असं आमच्या नागरी निवारा वसाहतीतल्या बाकावर बसलेला प्रत्येक जण म्हणतो. ही थाप तुझीच.

माझ्या बाबांचं वजन पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत 58 किलोच राहिलं. काट्याला तू सापडली नाहीस, सापडलीस ती पट्ट्याला. तापवलेल्या खिळ्याने बाबांनी त्याच्या टोकाकडे तीनदा नवं भोक पाडलं. मांड्या मात्र वाळत गेल्या; पाटावरून उठताना हात टेकावा लागू लागला.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी तुझं हे लपणं 2004 सालीच उघडं पाडलं. 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला गेला. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, दोघांचा 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के!

जेवणानंतर रक्तातली बरीच साखर स्नायू उचलतात. इन्सुलिनने दार ठोठावलं की ते उघडतात. वयाबरोबर स्नायू झिजतात, स्वादुपिंडही मंदावतं. वयाचा एवढा गुन्हा कबूल. पण यकृतात आणि स्नायूंत मेदाम्लं ओतून दाराची कडी गंजवतेस ती तू. मग तेच दार उघडायला जास्त इन्सुलिन लागतं आणि स्वादुपिंड राबून राबून थकतं.

वय मुख्य गुन्हेगार नसल्याचा पुरावाही आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवरचा अमेरिकेतला मोठा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम आणि थोडं वजन कमी, एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. साठीपुढच्यांत तर 71 टक्क्यांनी! सगळा दोष वयाचा असता, तर म्हाताऱ्यांनी तरुणांना मागे टाकलं असतं का?

बाबा आता रोज संध्याकाळी दिंडोशी डेपोपर्यंत चालत जातात. सकाळी हात न टेकता दहा वेळा खुर्चीवरून उठतात. शेवटच्या दोन वेळा पाय थरथरतात, तरी उठतात. पट्ट्याचं टोकाचं भोक गेल्या महिन्यापासून रिकामं आहे.

सामान आवर.

तुला ओळखून असलेली,
एका दिंडोशीकराची मुलगी