सिडनी–होबार्टच्या नौकेवर जागा कशी मिळवावी

सिडनी–होबार्ट ही शिडाच्या नौकांची 628 सागरी मैलांची शर्यत 26 डिसेंबरला दुपारी 1 वाजता सिडनी बंदरातून सुटते आणि टास्मानियातल्या होबार्टला संपते. त्याच दिवशी मेलबर्नला कसोटी सामना सुरू होतो. तिथे तिकीट काढून बसता येते. नौकेवर मात्र जागा मालकाच्या मर्जीनेच मिळते, आणि ही मर्जी संपादन करण्याची एक रीत आहे.

1945 साली हे सोपे होते. क्रूझिंग यॉट क्लबातल्या काही मंडळींनी होबार्टपर्यंत सहल काढायचे ठरवले. ब्रिटिश नौदलातले कॅप्टन जॉन इलिंगवर्थ यांनी सहलीऐवजी शर्यतच लावण्याचे सुचवले. नऊ नौका निघाल्या आणि इलिंगवर्थांची ‘रानी’ जिंकली. सूचना करणाऱ्यानेच बक्षीस घेऊन जाण्याची ती सोय आता उरलेली नाही.

प्रथम नौका निवडावी. शंभर फुटी राक्षसी नौकांच्या वाटेला जाऊ नये. 2017 साली ‘कोमँची’ने हे अंतर 1 दिवस 9 तास 15 मिनिटांत कापले, अशा नौकांवर पगारी खलाशी असतात आणि हौशी माणसाचा उपयोग धक्क्यावरून त्यांचे फोटो काढण्यापुरता. दोघांनीच चालवायच्या नौकांचा गट 2021 पासून आहे, पण त्यातली एक जागा मालकाची असते आणि दुसरीचा निकाल बहुधा आधीच लागलेला असतो. उमेदवाराने दहा-बारा मीटरची, मध्यमवयीन मालकाची, किंचित कर्जबाजारी नौका हेरावी.

मालकाला कुशल खलाशी हवा असतो, असे तो म्हणतो. प्रत्यक्षात त्याला वजन हवे असते. शिडात वारा भरला की नौका एका अंगावर कलते; तिला सावरण्यासाठी माणसे वाऱ्याच्या बाजूच्या कडेवर, पाय बाहेर सोडून, ओळीने बसवतात. रात्र, पाऊस, तोंडावर आदळणारी लाट यांपैकी कशानेही ही बैठक मोडत नाही. त्यामुळे भरदार देह ही पात्रता ठरते. सामानाला हा नियम लागू नाही: पंच्याऐंशी किलोचा माणूस आनंदाने चढवून घेतला जातो, पण त्याच्या दुसऱ्या स्वेटरची चौकशी होते.

स्वतःच्या ज्ञानाबद्दल मौन पाळावे. पूर्व ऑस्ट्रेलियाचा सागरी प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, त्यावर समोरून दक्षिणेचे वादळी वारे आले की लाटा उभ्या भिंतीसारख्या होतात, आणि पुढची बासची सामुद्रधुनी उथळ असल्याने तिथेही तीच गत असते. हे उमेदवाराला ठाऊक असावे. मालकाला समजावून सांगू नये. सर्व काही येणारा एक जण नौकेवर आधीच असतो आणि नौका त्याच्याच नावावर असते. ‘बोट लागते का?’ या प्रश्नाला ‘पहिल्या रात्री, नंतर नाही’ हे मान्यताप्राप्त उत्तर आहे. ‘कधीच नाही’ म्हणणारा खोटारडा तरी समजला जातो, नाहीतर बंदराबाहेर न गेलेला.

एका बाबतीत मात्र चेष्टेला वाव नाही. 1998 च्या शर्यतीतल्या वादळात 115 पैकी 44 नौकाच होबार्टला पोहोचल्या, सहा खलाशांचा मृत्यू झाला आणि 55 जणांना समुद्रातून सोडवावे लागले. त्यानंतर नियम कडक झाले. निम्म्या खलाशांनी तरी सागरी सुरक्षेचा अभ्यासक्रम केलेला असावा लागतो. त्यात अंगावरच्या सगळ्या जाडजूड कपड्यांसह तलावात उतरून, उलटलेला जीवरक्षक तराफा सरळ करून त्यात चढायचे असते. हे प्रमाणपत्र खिशात असलेला उमेदवार मालकाची एक डोकेदुखी कमी करतो. अर्जासोबत एवढाच एक कागद जोडावा.

बाकी सारे हजेरीवर आहे. हिवाळाभर तळाचे शेवाळ खरवडावे, दोर ओढणारे विंच उघडून ग्रीस लावावे, ओली शिडे घडी करावीत आणि सँडविच आणावेत, तेही सर्वांसाठी. मग गोल्ड कोस्टची 384 मैलांची किंवा कॅबेज ट्री बेटाची शर्यत येते. ही खरी तोंडी परीक्षा, फक्त प्रश्न विचारले जात नाहीत. चार तास पहारा, चार तास झोप, आणि झोपायचे ते नुकत्याच उठलेल्या माणसाच्या ओलसर बिछान्यात. मध्यरात्री ज्याला दोनदा हाक मारावी लागली तो नापास. स्वतःचा कप विसळणारा पास, आणि मालकाचाही विसळणाऱ्यास विशेष योग्यता.

तरीही नाव राखीव यादीतच राहिल्यास पिशवी भरून ठेवावी आणि डिसेंबरची वाट पाहावी. नाताळ जवळ आला की कोणाचा गुडघा दुखतो, कोणाची रजा नामंजूर होते, कोणाच्या सासरची मंडळी येतात. फोन शांत ठेवू नये.

हेही फसल्यास परतीचा मार्ग खुला असतो. शर्यत संपताच खलाशी विमानाने घरी जातात, नौकेला मात्र सिडनीपर्यंत परत न्यावेच लागते, बहुधा उत्तरेचा वारा आणि तोच प्रवाह दोन्ही अंगावर घेत. या कामासाठीचे अर्ज होबार्टच्या धक्क्यावर तोंडी स्वीकारले जातात, अनुभव विचारला जात नाही, आणि स्पर्धा नसल्याने निवड जागच्या जागी होते.