ठिपका

पुण्याहून कन्याकुमारी गाडीनं साधारण १५०० किलोमीटर. बाबांच्या काळी अशा प्रवासाची आखणी म्हणजे कोपऱ्यावरच्या ट्रकवाल्याला एक प्रश्न. तो विडी विझवून ‘चित्रदुर्ग गाठा’ म्हणायचा, की झालं. मी मात्र तीन आठवडे लॅपटॉपला चिकटलो होतो.

मुक्काम ठरले ते असे: दावणगेरे, कृष्णगिरी, मदुराई. दावणगेरे निव्वळ सकाळच्या बेण्णे डोशासाठी. तिथल्या अकरा हॉटेलांचे मिळून चारेकशे अभिप्राय मी वाचले. एकानं ‘खोली उत्तम, उशी वाईट’ म्हणून एकच तारा दिला होता. दुसऱ्यानं पाच तारे देऊन खाली लिहिलं होतं, ‘आम्ही राहिलो नाही, फक्त पार्किंग वापरलं.’ उपग्रहाच्या चित्रात हॉटेल रस्त्याच्या डाव्या अंगाला आहे ना, हेही तपासलं. उजव्या अंगाला निघालं, तर समोर पाटी दिसत असताना यू-टर्न शोधत पाच-सात किलोमीटर पुढं जावं लागतं, आणि तेवढ्या वेळात बायको गप्प होते. ते परवडत नाही.

पहाटे पाचला निघालो. नकाशा म्हणाला, दुपारी तीनला दावणगेरे. नकाशाला खंबाटकी घाट ठाऊक असतो, आईचे गुडघे नसतात. शिवाय साताऱ्याचे कंदी पेढे. तरीही मी दोन तासांची सूट धरून ठेवली होती.

घात चिरंजीवांनी केला. त्यांनी गाडीचं लाइव्ह लोकेशन ‘समस्त परिवार’ या ग्रुपवर टाकलं होतं. कराडला मावशी हायवेलगतच्या गॅलरीत मोबाइल धरून उभीच. ‘ठिपका पुढं सरकायला लागला तसा जीव खाली-वर झाला गं,’ असं आईला म्हणत तिनं थालीपिठाचा तवा चढवला. कोल्हापुरात तावडे हॉटेलच्या चौकात काका स्कूटर आडवी लावून! ‘बायपासनं सटकत होतास न्हवं?’ तांबडा-पांढरा झाल्यावर मला गाडी चालवता येईना, तेव्हा काकांकडंच तासभर घोरलो.

बेळगावला अंधार पडला. आत्यानं फोन केलाच नाही. तिनं नुसता आमच्या ठिपक्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘बघूया.’ हे वाचून पुढं जायची माझी तरी छाती नव्हती.

दावणगेरेच्या हॉटेलचं बुकिंग मोफत रद्द करायची वेळ संध्याकाळी सहाला संपली होती. पैसे गेले. रात्री आत्यानं जेवणावर कुंदा वाढला आणि ‘अजून घे रे, हॉटेलात कोण आग्रह करतंय’ म्हणत वाटी पुन्हा भरली.

सकाळी सात वाजता फोन वाजला. बुकिंगवाल्यांचा निरोप: ‘कालचा मुक्काम कसा वाटला? तारे द्या.’ आत्याच्या गोधडीत लोळतच मी पाच तारे दिले.

‘उशीबद्दलही लिही,’ पलीकडून बायको म्हणाली.