एका नॅनोग्रॅमचं पाप

२०१४ साली एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये जॉश गॉर्डन या खेळाडूच्या लघवीत गांजाचा अंश सापडला. मर्यादा मिलिलिटरमागे १५ नॅनोग्रॅमची. पहिला नमुना १६, दुसरा १३.६. सरासरी काढली असती तर गडी निर्दोष! पण लीगने गणिताऐवजी नीती पाहिली: वर्षभर घरी बस. होणाऱ्या बायकोला लिफ्टमध्ये बेशुद्ध पाडणाऱ्या रे राइस या दुसऱ्या खेळाडूला त्याच उन्हाळ्यात मिळाली फक्त दोन सामन्यांची बंदी. ठोशाचा व्हिडिओ जगजाहीर झाला, तेव्हा कुठे लीगला कंठ फुटला.

पुढे गांजाची मर्यादा ३५ झाली, २०२० मध्ये १५०. पाप तेच, माप तेवढं वाढलं. बिअरच्या जाहिराती मात्र तेव्हाही झळकत होत्या, आजही झळकतात. प्रायोजकाची लघवी कोण तपासणार?