शंभर टक्के गृहस्थ

साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून सांगलीच्या मार्केट यार्डापर्यंत चहाच्या कोणत्याही टपरीवर हमखास आढळणारा हा गृहस्थ पेहराव, वय किंवा शिक्षण यांवरून ओळखता येत नाही. त्याची एकमेव खूण अशी की, कोणत्याही प्रश्नाला तो 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर न देता टक्केवारी सांगतो, आणि तीही इंग्रजीत. पाऊस उघडेल का, मुलीकडची मंडळी होकार कळवतील का, तासगावची एसटी वेळेवर सुटेल का, या सर्वांसाठी 'एटी परसेंट' हे उत्तर त्याच्या जिभेवर तयार असते. टक्का म्हणजे शंभरातला एक भाग हे त्याला चांगले ठाऊक असते. मात्र हे शंभर कशाचे, अशी विचारणा करणे त्याच्या लेखी उद्धटपणाचे असते.

त्याच्या श्रेणीचा उलगडा थोड्या सहवासाने होतो. 'फिफ्टी-फिफ्टी' म्हणजे विषयाची काहीच माहिती नाही, 'सेव्हंटी-थर्टी' म्हणजे माहिती नाही पण मत आहे, आणि 'नाइन्टी नाइन परसेंट' म्हणजे आताच शेजारच्या बाकावर ऐकले. 'हंड्रेड परसेंट' हे परिमाण केवळ आश्वासनांसाठी राखून ठेवलेले असून, "येतोय की, हंड्रेड परसेंट!" असे म्हणणाऱ्याचे ताट धरायचे नसते, हे मंगल कार्यालयातला आचारीही जाणतो. त्यापुढची पायरी 'हंड्रेड अँड वन परसेंट' ही असून ती बहुधा उसनवारी फेडण्याच्या संदर्भात येते. वास्तविक वाढ शंभर टक्क्यांहून अधिक होऊ शकते, खात्री होऊ शकत नाही. परंतु उसने देणाऱ्याला हा भेद पैसे गेल्यावरच सुचतो.

या गृहस्थाचा खरा हंगाम जुलै-ऑगस्टमध्ये येतो. कोयना धरणाची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे तेवढे अब्ज घनफूट. आणि धरणातून सोडलेले पाणी मोजतात ते क्युसेकमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट वाहते त्यावरून. पहिले साठ्याचे माप, दुसरे वेगाचे. त्यामुळे ५० हजार क्युसेकचा विसर्ग पूर्ण दिवसभर चालला तरी धरणातून साडेचार टीएमसीदेखील जात नाही. गृहस्थ मात्र "फिफ्टी थाउजंड टीएमसी सोडलंय," असे जाहीर करून मोकळा होतो, ज्यासाठी सुमारे पावणेपाचशे कोयना धरणे एका रात्रीत रिकामी करावी लागतील. साठा ५० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेला की, तो "ट्वेन्टी परसेंट वाढलं" म्हणतो, समोरचा "फॉर्टी" म्हणतो, आणि आवाज चढतात. गंमत अशी की दोघांचेही बरोबर असते. पहिला पूर्ण धरणाच्या मानाने बोलत असतो, दुसरा आधीच्या साठ्याच्या मानाने, आणि हे सांगायला दोघेही तयार नसतात. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे लहान मुलालाही पाठ असते. २०१९ मध्ये ते ५७ फुटांवर गेले, तेव्हाही "पाणी आपल्या गल्लीत यायचे चान्सेस टेन परसेंट" असे गुडघाभर पाण्यात उभे राहून सांगणारा हाच.

त्याच वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'ला 'वीस एक' असे वाचण्याची रीत आली, तेव्हा मराठी बुडाल्याचे दुःख त्याने सर्वांत मोठ्या आवाजात व्यक्त केले. स्वतः तो 'ट्वेन्टी वन'च म्हणतो, आणि त्यातही वीस आधी व एक नंतर येतो, ही गोष्ट त्या गदारोळात राहून गेली.

इंग्रजी दशांशाशी त्याचे नाते अधिक नाजूक आहे. ३.१५ ला तो 'थ्री पॉइंट फिफ्टीन' म्हणतो आणि पंधरा पाचांहून मोठे असल्यामुळे ते ३.५ पेक्षा जास्त असल्याचे पटवूनही देतो. मात्र हे औदार्य दूध संकलन केंद्राच्या उंबऱ्याबाहेर संपते. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश वगळून उरणारे घन घटक, या प्रमाणावर ठरतो. तेथे यंत्राने ३.४ दाखवले की हाच गृहस्थ त्या एका दशांशासाठी दूध पुन्हा तपासायला लावतो, आणि तेही शुद्ध मराठीत. व्याजाचेही तसेच. खासगीत 'दोन टक्क्यांनी' घेतलेली रक्कम म्हणजे दरमहा दर शेकडा दोन, वर्षाचे चोवीस, हे त्याला कोणी समजावून द्यावे लागत नाही. बँकेचे 'ट्वेल्व्ह परसेंट' मात्र त्याला जबर वाटते.

उसाच्या बाबतीत तर त्याची प्रज्ञा पाहण्यासारखी असते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर निघाल्यास, क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढवून दिले. कारखान्याचा उतारा सव्वाबारा लागला की टनाला ४,२४२ रुपये होतात, हे तो चहाचा कप खाली ठेवण्यापूर्वी तोंडी सांगतो, त्यातून तोडणी-वाहतूक वजा करतो आणि कारखान्याच्या पावतीतली बावीस रुपयांची तूट शोधून काढतो. याच वेळी कोणी विचारले की कारखाना ती तूट भरून देईल का, तर तो पान लावता लावता म्हणतो, "फिफ्टी-फिफ्टी."