साडेचौतीस तासांची एकादशी

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. आकडा ऐकून आमच्या काकूंनी एवढंच विचारलं, “वाटेत जेवणं किती?” लेक न्यू जर्सीला राहायला गेल्यापासून त्या घरात भूगोलाला फार बरकत आली आहे.

काकांना मात्र पुरावा लागतो. त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी ठेवली आणि विमान सौदी, इजिप्त, मोरोक्को असं सरळ नेलं. मी शेजारच्या पोराचा पृथ्वीगोल आणून दोन शहरांमध्ये दोरा ताणला. दोरा रशिया, नॉर्वे, आइसलंड करत कॅनडावरून खाली उतरला. “पश्चिमेला जायचं तर उत्तरेला कशाला तडफडायचं?” काकांनी दोऱ्यालाच दटावलं.

पुढचं त्यांना मुळीच पटेना. अंतर तेच, पण जाताना साधारण सोळा तास आणि येताना चौदा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, ते येताना विमानाला ढकलतात आणि जाताना आडवे येतात. ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियाने याच वाऱ्यांच्या भरवशावर दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान पॅसिफिकवरून नेलं. रस्ता सुमारे १,४०० किलोमीटरने वाढला आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी घटला! पुण्यात उभी हयात काढलेल्या माणसाला हे कसं पचावं? “रिक्षावाला लांबून नेतो तेव्हा असंच काहीतरी सांगतो,” काका म्हणाले.

काकूंची अडचण याहून खोल निघाली. तिकीट होतं हिवाळ्यातलं, रात्री दीडचं, आणि तारीख नेमकी एकादशीची. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे. म्हणजे मुंबईत मध्यरात्री सुरू झालेली ती तारीख न्यूयॉर्कच्या मध्यरात्री संपणार. मी बोटं मोजून सांगितलं, “साडेचौतीस तास, काकू.”

“निर्जळी नाही धरत मी,” काकू गंभीर झाल्या, “पण इतकी साबुदाण्याची खिचडी पर्समध्ये मावायची नाही.”

तिथी चंद्र-सूर्यामधल्या कोनावरून ठरते, ती विमानात बसून ताणली जात नाही, असं मी समजावून पाहिलं. पण काकूंची एकादशी कॅलेंडरच्या चौकोनात राहते आणि चौकोन साडेचौतीस तासांचा झाला होता. बराच वेळ त्या गप्प होत्या.

मग डोळे चमकले. “अरे, येताना उलट होत असेल ना?”

होतंच. न्यूयॉर्कच्या मध्यरात्री सुरू झालेली तारीख मुंबईच्या मध्यरात्रीला साडेतेरा तासांत उरकते. सकाळी अकराला विमान सुटलं आणि मनगटावर मुंबईची वेळ लावली, की अडीच तासांत द्वादशी.

काकूंनी तडक तिकीटवाल्याला फोन लावला. जायची तारीख दशमीवर आणली आणि परतीची एकादशीला घ्यायला सांगितली.

“खिडकीची सीट देऊ का?” त्याने विचारलं.

“कुठलीही दे. वाढपी पोचतो तिथली दे.”